प्लायवूडची चूल

बर्बँकला, स्टेज चौदावर,
गेली नऊ वर्षं मी एक स्वयंपाकघर सांभाळतो
ज्यात कधी काही शिजलं नाही.

नळ आहे, पाणी नाही.
जिना आहे, सात पायऱ्यांचा;
वर नुसती एक फळी, फळीवर ॲशट्रे,
आणि खाली यायच्या इशाऱ्याची वाट बघत
अंधारात उभं असलेलं लाखोंचं माणूस.
खिडकीबाहेर ओहायोचा हिवाळा, रंगवलेला.
बर्फावर धूळ बसते.
दर मंगळवारी मी ती झटकतो.

फ्रिजमधलं दूध तेवढं खरं.
ते मी आणतो. माझ्या पगाराचं सोडा,
पण ते पिणाऱ्या वेंडेल प्रूइटला
एका भागाचे साडेसहा लाख डॉलर मिळतात,
म्हणजे बावीस मिनिटांचे.
एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही हिशोब मांडला,
एका घोटाचे किती पडतात.
लायटिंगवाल्या ओकाफोरने आकडा
फ्रिजच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिला.
पुढच्या सीझनला खोडून दुप्पट केला.

लोरेन टिस्डेल दर शुक्रवारी रात्री त्याची बायको होते.
तिला पाच लाख नव्वद हजार.
मेकअपच्या खोलीत कुणीतरी विसरलेला एक फॅक्स
तिने केस वाळवता वाळवता वाचला,
आणि त्या साठ हजारांपासून
दोघांत विस्तव जात नाही.
तसा तो या चुलीतही कधी नव्हताच;
आत एक नारिंगी बल्ब आहे
आणि वाफ उडवायला छोटा पंखा.

आता निरोप माझ्यामार्फत.
त्याला सांग, माझ्या वाक्यावर खोकू नकोस.
तिला सांग, खोकला खरा होता.
कॉफीचे रिकामे मग मांडता मांडता
मी इकडचं तिकडे नेतो, थोडं मऊ करून.
मग दिवे लागतात,
तो मागून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकतो,
आणि तीनशे माणसं गॅलरीतून
कबुतरांसारखी घुमतात.

टोबी, त्यांचा मुलगा, अकरा वर्षांचा.
त्याच्या खऱ्या बापाने त्याच्या पैशातून
एन्सिनोत टेनिस कोर्टाचं घर घेतलं
आणि खऱ्या आईने दोघांवर वकील घातला.
रिहर्सल संपली की तो खोट्या पलंगावर झोपतो, बुटांसकट.
एकदा त्याने विचारलं, तो सीरियलचा खोका घरी नेऊ?
रिकामा आहे, मी म्हणालो.
माहितीये, म्हणाला.

यंदा सीझनच्या तोंडावर सगळे अडून बसले.
तीन आठवडे शूटिंग बंद.
सगळे मिळून अडून बसलेत असं पेपरात होतं;
वेंडेलचा एजंट मात्र मागल्या दाराने
एकट्याचं जमवत होता, हे पार्किंगमधल्या पोराला ठाऊक होतं.
दूध आणू नको, असं मला कुणी सांगितलं नाही.
मी आणत राहिलो. दुसऱ्या आठवड्यानंतर विसरलो.

एका गुरुवारी किल्ली परत घ्यायला गेलो
तर स्टेजवर फ्रिजचा उजेड.
लोरेन, अनवाणी, पावसाळी कोटात,
खोक्यालाच तोंड लावून पीत होती.
मी म्हणालो, त्याची तारीख उलटून गेलीय.
माझीही, ती म्हणाली,
आणि थांबली.

सवयीचं थांबणं ते. मोजून.
समोर तीनशे घडीच्या खुर्च्या,
टांगलेले माइक, बंद.
ती तशीच उभी, भुवई किंचित वर,
ओठावर दुधाची पांढरी रेघ,
पुढचं वाक्य नसलेली.

मी हसायला हवं होतं.
हे मला हायवेवर, निम्म्या वाटेत सुचलं.

सोमवारी सह्या झाल्या.
ओकाफोरने पेन्सिल मागितली.
मी म्हणालो, हरवली.